मशीनच्या आवाजात ओळी सुचतात, खोलीत का नाही?

प्रश्न : मी कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात व्हीएमसी मशीनचा ऑपरेटर आहे. तीन पाळ्या असतात, दर आठवड्याला पाळी बदलते. मूळ गाव राधानगरी तालुक्यात. इथं कसबा सांगावला तिघांनी मिळून खोली घेतली आहे. मला गोष्टी लिहायचा नाद आहे. शॉपवर एवढा आवाज असतो, तरी जॉब लावून मशीनचं दार बंद केलं की डोक्यात गोष्ट सुरू होते, वाक्यंच्या वाक्यं येतात. संध्याकाळी खोलीवर येऊन वही उघडली की सगळं गायब! पार्टनर हळू आवाजात घरी फोनवर बोलत असला तरी माझं वाक्य तुटतं. मग मोबाईल हातात येतो आणि बघता बघता जेवायची वेळ होते. मित्र म्हणतात, लिहायचं तर पुण्याला जा, इथं ते वातावरण नाही. एवढ्या आवाजात जे जमतं, ते खोलीत का जमत नाही? आणि लक्ष लागावं म्हणून काय करावं?
— एक वाचक, कसबा सांगाव

उत्तर : तुम्ही जे टिपलंय ते अगदी खरं आहे. आवाज किती मोठा, यापेक्षा त्या आवाजात शब्द आहेत की नाहीत, यावर लिहिणाऱ्याचं लक्ष जास्त अवलंबून असतं.

लिहिताना काय घडतं ते पाहा. वाक्य कागदावर उतरण्याआधी मनात उच्चारलं जातं. पहिले पाच-सहा शब्द मनात धरून ठेवायचे, तोवर पुढचे जुळवायचे, अशी ती खटपट असते. शब्द असे धरून ठेवणं ध्वनीच्या रूपात होतं. ओठ न हलवता आपण स्वतःशी बोलत असतो. अशा वेळी बाहेरचं बोलणं कानावर आलं की ते नेमकं त्याच जागी घुसतं. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये याचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोर दिसणारे आकडे क्रमाने लक्षात ठेवायचे, एवढंच काम लोकांना दिलं होतं. कानावर बोलणं पडत असलं की चुका वाढत. नुसता एकसुरी आवाज चालू असला तर फारसा फरक पडत नसे. पुढे २०१२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हाच प्रश्न थेट लिहिण्याबाबत विचारला. त्यांनी लोकांना छोट्या गोष्टी लिहायला बसवलं. अर्थ कळेल असं बोलणं ऐकू येत असताना लिखाण अडखळलं. तेच बोलणं यंत्राने इतकं बदललं की शब्द ओळखू येईनात, तेव्हा नुकसान कमी झालं.

आता तुमचं शॉप आठवा. स्पिंडलची घरघर, कूलंटचा फवारा, कॉम्प्रेसर, एक्झॉस्ट फॅन. हे सगळं मोठं आहे, पण एकसुरी आहे आणि त्यात एकही शब्द नाही. तिथं कुणी गप्पाही मारत नाही, कारण ऐकूच येत नाही. म्हणून मनातलं वाक्य शाबूत राहतं. (तरी इअरप्लग काढू नका. तो आवाज वाक्याला सोडतो, कानाला सोडत नाही.)

पार्टनरच्या फोनचा त्रास आणखी एका कारणाने होतो. फोनवरचं बोलणं आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं. "हो... कधी?... मग दवाखान्यात नेलं का?" पलीकडून काय आलं ते कळत नाही आणि मन आपोआप ती गाळलेली जागा भरायला धावतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये तपासलं, तर दोन माणसांचं पूर्ण संभाषण कानावर पडण्यापेक्षा असं अर्धं संभाषण लक्षाचं जास्त नुकसान करतं, असं आढळलं. गोष्ट लिहिणाऱ्या माणसाचं मन तर अशा अर्धवट धाग्यांमागे जायला आधीच तयार असतं. तुम्ही चिडखोर आहात म्हणून हे होत नाही.

यावरचे उपाय साधे आहेत. पंखा मोठा करा, त्याचा घरघराट बोलण्यावर पांघरूण घालतो. कानात गाणी लावून लिहू नका, निदान शब्दांची गाणी नकोत. बासरी किंवा सतार चालेल. पार्टनर कानडीत बोलत असेल आणि तुम्हाला कानडी येत नसेल, तर त्रास कमी होईल. ओळखीच्या बोलीतला एक शब्दसुद्धा मान वळवायला लावतो. आणि पार्टनरला सरळ सांगा, की अमुक वेळ मी लिहितो, फोन गच्चीवर जाऊन घे. लिहिणारी मुलं हे सांगायला फार लाजतात. ओव्हरटाइम आहे म्हणून सांगताना कुणी लाजत नाही, मग लिहितोय म्हणून सांगताना का लाजावं?

मोबाईलबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण मला तीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी वीसेक वर्षं कार्यालयात काम करणाऱ्यांचं लक्ष मोजलं. त्यांना आढळलं, की काम मध्येच तुटलं तर माणूस मूळ कामावर यायला सरासरी वीस-पंचवीस मिनिटं घेतो, आणि दरम्यान आणखी एक-दोन कामांत शिरून येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जवळजवळ निम्म्या वेळा काम दुसऱ्या कुणी तोडलेलं नसतं. माणूस स्वतःच उठतो, स्वतःच फोन उचलतो. वाक्य अडलं की बोटं खिशाकडे जातात. अडलेल्या वाक्यापाशी बसून राहणं अवघड असतं आणि रील्स पाहणं सोपं. पण गोष्टीतली चांगली जागा बहुतेक वेळा त्या अडलेल्या वाक्याच्या पलीकडेच असते. तिथून उठलात तर ती हाती लागत नाही.

फोन उपडा ठेवला, सायलेंटवर टाकला, एवढ्याने भागत नाही. टेक्सास विद्यापीठातल्या ॲड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे ८०० लोकांवर प्रयोग केले. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे आवाज बंद. दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांना डोक्याची कामं सगळ्यात चांगली जमली. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठळक फरक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. पण करून पाहण्यात तुमचं काय जातं? अनेक कारखान्यांत फोन गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवूनच शॉपवर जावं लागतं. तुमच्याकडेही तसं असेल, तर मशीनपाशी ओळी सुचण्याचं अर्धं कारण तेच आहे. खोलीवरही तो नियम लावा. फोन घरमालकांकडे, शेजाऱ्याकडे, किंवा ज्या पार्टनरवर भरवसा आहे त्याच्या हाती द्या. घरून तातडीचा फोन आला तर तो हाक मारेल, एवढं ठरवून ठेवा. वेळ बघायला साधं घड्याळ घ्या. वेळ बघायला म्हणून उचललेला फोन लगेच खाली ठेवला जात नाही.

इथवर अडथळ्यांचं झालं. पण तुमच्या प्रश्नात त्याहून मोलाची एक गोष्ट दडली आहे, आणि तिचं उत्तर तुमच्याच कागलात आहे.

आनंद यादव हे कागलचे. १९३५ सालचा जन्म. त्यांचं 'झोंबी' हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. 'नटरंग' सिनेमा ज्या कादंबरीवर आहे ती त्यांचीच. पुढे ते पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. पण 'झोंबी'तला मुलगा मळ्यात राबणारा आहे. वडिलांनी त्याला शाळेतून काढून शेताला जुंपलेलं. त्याने आणि आईने दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जाऊन रदबदली केली, तेव्हा कुठे तो पुन्हा शाळेत बसला, आणि तेही अटींवर : दिवस उगवायच्या आत मळ्यात हजर, अकरापर्यंत पाणी पाजायचं, मग शाळा, शाळा सुटली की गुरं. तुमच्या तीन पाळ्यांपेक्षा हे वेळापत्रक सोपं नव्हतं.

त्या शाळेत न. वा. सौंदलगेकर नावाचे मराठीचे मास्तर होते. कविता चालीवर म्हणायचे, हातवारे करून शिकवायचे, स्वतः कविता करायचे. मुलगा ती चाल, ते हावभाव मनात साठवून मळ्यात जायचा आणि पाणी पाजता पाजता तीच कविता मोठ्याने म्हणायचा, पुढे नव्या चाली लावून बघायचा. वाफे कधी भरले ते कळायचं नाही. याआधी मळ्यात एकटं राहणं त्याला नकोसं व्हायचं, बोलायला कुणीतरी सोबत असावं असं वाटायचं. कविता आली आणि ते उलटलं. एकटं असलेलंच बरं वाटू लागलं, कारण एकटं असलं की मोठ्याने म्हणता येतं, नाचताही येतं. मास्तरांच्या दारातल्या मालतीच्या वेलावर मास्तरांनी कविता केली होती. मुलाने वेलही पाहिला होता आणि कविताही. आपल्या आसपास दिसतं त्यावरही लिहिता येतं, हे त्याला तिथं उमगलं. मग तो पिकांवर, रानफुलांवर जुळवाजुळव करू लागला. खिशात कागद-पेन्सिल ठेवायचा. ते नसलं तर काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी ओढायच्या, नाहीतर खड्याने दगडावर. पाठ झाल्या की पुसून टाकायच्या.

या मुलाकडे शांत खोली नव्हती, टेबल नव्हतं, बऱ्याचदा कागदही नव्हता. तरी त्याचं लक्ष लागलेलं होतं, कारण लिहिण्याचं अर्धं काम तो बसण्याआधीच उरकत होता. ओळ जुळवायची, म्हणून बघायची, बदलायची, पाठ करायची, कागद शेवटी. मशीनपाशी तुमचं जे होतं ते हेच आहे. तुम्ही एवढंच करत नाही, की आलेली ओळ पाठ करून बरोबर नेत नाही. आठ तास ती डोक्यात फिरते, पण तिला धरून ठेवायची सवय लावलेली नाही. म्हणून संध्याकाळी वही उघडता तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि दमलेल्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करणं जड जातं. त्या जडपणातूनच फोन हातात येतो.

तेव्हा खोलीवर रिकाम्या हाताने जाऊ नका. दिवसातून एकच वाक्य निवडा. चहाच्या सुट्टीत ते खिशातल्या चिठोऱ्यावर टिपा. दोन शब्द पुरतात. पाळी सुटल्यावर खोलीपर्यंतच्या वाटेवर ते वाक्य मनात किंवा मोठ्याने म्हणत राहा, त्याच्या पुढचं वाक्य काय असेल ते बघा. वही उघडल्यावर पहिलं काम विचार करण्याचं नको, ते पाठ वाक्य उतरवण्याचं असू दे. एकदा हात चालला की पुढचं येतं.

इथं एक गोष्ट कळकळीने सांगतो. मशीनवर असताना गोष्टीच्या मागे जाऊ नका. म्हशीच्या पाठीवर ओळ चुकली तर काही बिघडत नाही. सेटिंग करताना, टूल बदलताना, ऑफसेट घालताना मन दुसरीकडे असलं तर टूल तुटतो, जॉब रिजेक्ट होतो, कधी बोट जातं. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याने तर हा विचारही करू नये. दार बंद असताना ओळ आली तर येऊ द्या, पण तिला पकडण्यासाठी मशीनवरची नजर काढू नका. चांगली ओळ चहाच्या वेळेपर्यंत टिकते.

पुढचा प्रश्न पाळ्यांचा. तिन्ही आठवड्यांत सारखं लिहून होईल अशी अपेक्षाच ठेवू नका. नाईट संपवून सकाळी खोलीवर आल्यावर वही उघडणं म्हणजे झोपेशी भांडण, आणि कमी झोपेवर सगळ्यात आधी लक्षच ढासळतं. खिडकीला जाड पडदा लावा आणि झोपा. उठल्याबरोबरही लगेच बसू नका. गाढ झोपेतून उठल्यावर अर्धा तास तरी डोकं जडच असतं. नाईटचा आठवडा वाचायला आणि चिठोरी जमवायला ठेवा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी सुटता, पण संध्याकाळी खोली भरलेली असते. तेव्हा आधीचं लिहिलेलं सुधारा. वाक्य दुरुस्त करताना थोडा गोंगाट चालून जातो, नवं जुळवताना चालत नाही. सेकंड शिफ्टचा आठवडा मात्र लिहिण्यासाठी राखा. झोप झालेली असते, सकाळ मोकळी असते आणि पार्टनर वेगळ्या पाळीत असतील तर खोलीही रिकामी मिळते. तीन आठवड्यांतून एक आठवडा नीट मिळाला, तरी वर्षाला सतरा आठवडे होतात. गोष्ट लिहायला एवढा वेळ थोडा नाही.

बसल्यावर आणखी एक प्रकार होतो. बाहेरून कुणी बोलत नसलं तरी आतून आवाज येतात : गाडीचा हप्ता भरायचाय, बहिणीला फोन करायचाय, गॅस संपत आलाय. हे दडपायचा प्रयत्न केला की ते जास्त वर येतं. वहीशेजारी एक कोरा कागद ठेवा आणि आठवेल ते काम तिथं लिहा, पण नुसतं काम लिहू नका, ते कधी करणार तेही लिहा. "हप्ता : शनिवारी, पगार झाल्यावर." मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या संशोधनाप्रमाणे, अर्धवट काम पूर्ण झालं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं हे ठरलं, की मन त्याची टोचणी सोडतं.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोदोरो पद्धत कुणीतरी तुम्हाला सांगेल. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन माणसाने विद्यार्थीदशेत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती काढली. सुरुवातीला बसायची सवय लागावी म्हणून ती चांगली. पण गोष्ट रंगात आलेली असताना गजर वाजला म्हणून उठू नका. अभ्यासाला तो शिस्त लावतो, गोष्टीचं मात्र वाक्य मोडतो. उठायची वेळ झालीच, तर पुढचं वाक्य ठाऊक असताना उठा आणि त्याचे पहिले दोन शब्द लिहून ठेवा. पुढच्या वेळी दार उघडंच मिळेल.

राहिली गोष्ट पुण्याची. कागल-हातकणंगले असं तुमच्या वसाहतीचं नाव. तिच्या एका अंगाला आनंद यादवांचं कागल, दुसऱ्या अंगाला पट्टणकोडोली. 'वळीव', 'धिंड' लिहिणारे आणि गावोगाव कथा सांगून लोकांना हसवणारे शंकर पाटील १९२६ मध्ये पट्टणकोडोलीत जन्मले. दोघं पुढे पुण्याला गेले हे खरं, पण त्यांनी लिहिलं ते याच मातीतलं, आणि कान तयार झाला तो इथंच. त्या मातीवर आज इंजिनांपासून शर्टाच्या कापडापर्यंत सगळं तयार होतं, तीन पाळ्यांत हजारो माणसं ये-जा करतात. या जगाच्या गोष्टी मराठीत अजून फार थोड्या आल्या आहेत. त्या तुमच्याकडून हव्या आहेत, म्हणून तर एवढं सविस्तर लिहिलं.

निवांतपणाची वाट पाहणाऱ्यांना साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची आठवण करून द्यावी. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत ती लिहून झाली, बहुतेक रात्री आणि पहाटे, दिवसाची कामं सांभाळून. पाच दिवस पुरले, कारण त्या आठवणी त्यांनी कित्येक वर्षं मनात वागवल्या होत्या.

एक गोष्ट तुमच्याकडे नाही असं पत्रावरून वाटतं, ती म्हणजे ऐकणारा माणूस. यादवांना सौंदलगेकर मास्तर होते. रविवारी कविता झाली तर सोमवारची वाट न पाहता मुलगा रात्रीच मास्तरांच्या घरी जायचा. मास्तर वाचायचे, कवीची भाषा कशी असते, वृत्त कसं असतं ते सांगायचे. कुणीतरी ऐकणार आहे हे ठाऊक असलं, की माणूस बसल्या जागी टिकतो. शॉपवर, कॅन्टीनमध्ये, गावाकडे, जुन्या शाळेत असा एक माणूस शोधा आणि महिन्यातून एकदा त्याला वाचून दाखवा. तो लेखक असायची गरज नाही. कुठं कंटाळा आला एवढं त्याने खरं सांगितलं तरी पुरे.

सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरात गेलात तर करवीर नगर वाचन मंदिरात 'झोंबी'ची चौकशी करा. १८५० पासूनचं वाचनालय आहे. सगळं पुस्तक लगेच वाचून होणार नसेल, तर शाळेत परत जाण्याचा आणि सौंदलगेकर मास्तरांचा भाग आधी काढा. येत्या नाईटच्या आठवड्यात तेवढं सहज वाचून होईल.